उष्णतेची जमाबंदी : वऱ्हाडात आभासी वास्तव घडविणाऱ्यांसाठी प्रस्तावना

मोबाइल संचातील चिपला बॅटरीकडून मिळणारी वीज कितीही चातुर्याने खर्च केली आणि तिच्या योगे डोळ्यांसमोर कितीही मनोहर सृष्टी उभी केली, तरी पडद्यातून प्रकाशरूपाने व अँटेनातून लहरींच्या रूपाने बाहेर पडणारा अल्पसा अंश वगळता ती सारी वीज अखेरीस उष्णतेत परिणत होते. आणि त्या उष्णतेला संचाच्या पृष्ठभागावाटे भोवतालच्या हवेत निघून जाण्याखेरीज दुसरा मार्ग नसतो. ज्याला आपले तरुण सरसकट व्हीआर म्हणतात त्या आभासी वास्तवाचे मोबाइलवरील बहुतेक शास्त्र ह्या एका वस्तुस्थितीतून निष्पन्न होते. प्रस्तुत पुस्तक त्याच वस्तुस्थितीचा विस्तार आहे. मात्र ते वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन हे गाव सतत नजरेसमोर ठेवून लिहिले आहे, आणि असे का केले ह्याचा खुलासा करणे हे ह्या प्रस्तावनेचे मुख्य प्रयोजन होय.

मेजावरच्या संगणकात चित्रे रंगविणारे जे स्वतंत्र कार्ड असते ते दोनशे-तीनशे वॅट शक्ती खुशाल खर्च करते, कारण त्याच्या दिमतीला धातूचे पंख आणि घोंघावणारे पंखे असतात. खिशात मावणाऱ्या मोबाइलला दीर्घकाळपर्यंत जी शक्ती पेलवते ती मात्र तीन ते पाच वॅटांच्या आसपासच असते. त्यातून आभासी वास्तवाची मागणी साधारण खेळाच्या मागणीहून अधिक कठोर. दृश्य दोन्ही डोळ्यांसाठी वेगवेगळे काढावे लागते. सेकंदाला ७२ चित्रे द्यावयाची तर एका चित्राच्या वाट्याला सुमारे १३.९ मिलिसेकंद येतात आणि ९० द्यावयाची तर जेमतेम ११.१, आणि मान वळल्यापासून तिच्या अनुरोधाने दृश्य बदलेपर्यंत २० मिलिसेकंदांहून अधिक काळ लोटला, तर कानाच्या अंतर्भागातील तोल सांभाळणारे इंद्रिय व डोळे ह्यांच्या साक्षीत विसंगती उत्पन्न होऊन पाहणाऱ्याला मळमळू लागते. सामान्य खेळात चित्र अडखळले तर खेळणारा वैतागतो. येथे तो डोक्यावरचे यंत्र उतरवून ठेवतो आणि पुन्हा सहसा चढवीत नाही.

आता ह्या विषयावरील बहुतेक मार्गदर्शन ज्या प्रदेशांत लिहिले गेले तेथील खोलीचे तापमान वीस-पंचवीस अंश असते हे ध्यानात घ्यावे. पृष्ठभागाकडून हवेकडे जाणारी उष्णता स्थूलमानाने त्या दोहोंच्या तापमानांतील अंतराच्या प्रमाणात वाहते. त्वचेला दीर्घकाळ सोसेल असे पृष्ठभागाचे तापमान आपण ४३ अंश धरले, तर पंचवीस अंशांच्या खोलीत उष्णतेला उतरून जाण्यासाठी अठरा अंशांचा उतार मिळतो. पस्तीस अंशांच्या खोलीत तो आठ अंशांचा उरतो. आणि वैशाखातल्या दुपारी पत्र्याच्या छपराखाली हवाच चाळीस अंशांवर गेली की हा उतार तीन अंशांचा, म्हणजे मूळच्या एकषष्ठांश होतो. त्याच्या पलीकडे तर संचाने हवेला उष्णता देण्याऐवजी हवाच संचाला देऊ लागते. ॲपल कंपनी आपल्या फोनांसाठी भोवतालच्या हवेची मर्यादा ३५ अंश सांगते. ही मर्यादा वऱ्हाडात चैत्रापासून मृगापर्यंत बहुतेक दररोज ओलांडली जाते. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस अकोल्यात पारा पंचेचाळीस अंशांवर गेला तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांना केवळ उष्म्यापायी कलम १४४ चा हुकूम जारी करावा लागला. आणि वाशीम हा १ जुलै १९९८ पर्यंत त्याच अकोला जिल्ह्याचा भाग होता. सारांश, परदेशी पुस्तकात जी अडचण अपवाद म्हणून एखाद्या परिशिष्टात येते, ती आमच्याकडे पहिल्याच प्रकरणाचा विषय आहे.

पूर्वेतिहास थोडक्यात सांगतो. २०१४ साली गूगलने पुठ्ठ्याची घडी आणि दोन भिंगे एवढ्यावर कार्डबोर्ड नावाचा खेळणेवजा संच काढला आणि मोबाइलच्या पडद्यावरून त्रिमिती दृश्य दाखविता येते हे सामान्य जनांच्या प्रत्ययास आले. त्यानंतर सॅमसंग व ऑक्युलस ह्यांनी मिळून गिअर व्हीआर आणले. त्याच्यामागे जॉन कार्मॅक ह्या कसलेल्या प्रोग्रामरची तपश्चर्या होती, आणि उष्णतेचा प्रश्न प्रथम खऱ्या गांभीर्याने हाताळला गेला तो त्या कामात. २०१६ साली आलेले गूगलचे डेड्रीम २०१९ मध्ये बंद झाले. त्याच वर्षी ऑक्युलस क्वेस्ट बाजारात आले, ज्यात निराळा फोन घालावा लागत नव्हता, परंतु चिप मात्र फोनाचीच, स्नॅपड्रॅगन ८३५, होती, आणि ती निववायला आत एक छोटा पंखा बसविलेला होता. आपल्याकडे मुंबईच्या टेसेरॅक्ट ह्या कंपनीला २०१९ मध्ये रिलायन्स जिओने आपल्या पंखाखाली घेतले; ठाण्याच्या डायमेन्शन एनएक्सजी ह्या कंपनीने अज्नालेन्स नावाचे चष्मे घडविले; आणि २०२३ मध्ये आयपीएलच्या हंगामात जिओडाइव्ह हा १,२९९ रुपयांचा संच आला, ज्यात पाहणाऱ्याने आपलाच फोन घालावयाचा असतो. ह्या शेवटच्या वस्तूचे महत्त्व मी फार मानतो. शिरपूरसारख्या गावी आभासी वास्तव पोचणार असेल तर ते लाख-पाऊण लाखाच्या यंत्रातून नव्हे, तर अशा स्वस्त खोक्यातून आणि घरात आधीच असलेल्या मध्यम किमतीच्या फोनातून पोचेल. आणि त्या फोनाला पंखा नसतो.

गणनशक्तीचे दारिद्र्य ही ह्या प्रश्नाची सबब म्हणून पुढे करता येत नाही. ह्याच जुन्या अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेल्या डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला, तेव्हा सेकंदाला सुमारे शंभर कोटी गणिती क्रियांचा त्याचा वेग साऱ्या देशाच्या अभिमानाचा विषय झाला होता. वर सांगितलेल्या क्वेस्टमधील चित्र रंगविणारा भाग कागदोपत्री त्याच्या शेकडो पट क्रिया करतो. म्हणजे शक्ती विपुल आहे. ती किती वेळ वापरता येईल ह्यावर मात्र कडक निर्बंध आहे. फोनांच्या जाहिरातींत जो वेग छापलेला असतो तो पहिल्या काही मिनिटांचा असतो. चिप तापू लागली की तीच आपला वेग आवरते, आणि ज्या प्रोग्रामरने त्या कमाल वेगावर आपला मनोरा रचलेला असतो त्याचे चित्र अर्ध्या वाटेवर गडगडते.

वऱ्हाडात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर पैमाश होऊन रयतवारी जमाबंदी झाली, तेव्हा शेताचा सारा तीस वर्षांच्या मुदतीसाठी ठरवीत असत, आणि तो ठरविताना भरघोस पिकाचे एखादे साल प्रमाण धरले, तर दुष्काळात रयत बुडे. आभासी वास्तवाच्या कारागिरानेही आपल्या खर्चाचा आकार हाच धोका ओळखून ठरवावा असे माझे निश्चित मत आहे: थंड फोनाच्या पहिल्या मिनिटावरून नव्हे, तर तापलेल्या फोनाच्या तिसाव्या मिनिटावरून. गिअर व्हीआरच्या काळापासून अशी सोय आहे की प्रोग्रामने आपल्याला प्रोसेसरचा व चित्र रंगविणाऱ्या भागाचा वेग कोणत्या पायरीवर हवा हे आरंभीच कळवावे. यंत्रणा तो वेग शक्य तोवर स्थिर राखते. जी पायरी अखेरपर्यंत निभेल तीच मागावी, आणि तिच्यात जे बसेल तेच रचावे. अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीत, २०१६ साली, दीर्घकाळ टिकणाऱ्या वेगाची जी स्वतंत्र तरतूद झाली तिचाही हेतू हाच.

ह्या मंदगतीचा लाभ किती मोठा आहे हे एका सूत्रावरून दिसते. चिपमधील स्विचांच्या उघडझापेत खर्च होणारी शक्ती ही वेग आणि व्होल्टेजचा वर्ग ह्यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, आणि वेग कमी केला की व्होल्टेजही कमी करता येते. दोन्ही एकपंचमांशाने उतरविली तर ०.८ चा घन, म्हणजे ०.५१२ एवढा खर्च उरतो: पाचवा हिस्सा वेग सोडला आणि निम्मी उष्णता वाचली. म्हणूनच प्रोसेसरच्या एका गाभ्याला धाप लागेपर्यंत पळविण्यापेक्षा तेच काम दोन-तीन गाभ्यांत वाटून प्रत्येकाला संथपणे चालविणे हितावह असते. आणि मुदत १३.९ मिलिसेकंदांची असेल तर सहा मिलिसेकंदांत काम उरकून स्वस्थ बसण्यापेक्षा ते बारा मिलिसेकंदांत सावकाश करणे चांगले. उलट दिशेने पाहिले तर चिप जितकी तापते तितकी तिच्यातील गळती वाढते, गळतीने उष्णता वाढते, आणि हे चक्र एकदा फिरू लागले म्हणजे त्याला थांबविण्यास फार मोठी कपात करावी लागते. वेळीच सोडलेला थोडा वेग नंतरचा पुष्कळ वाचवितो.

आता शिरपूर. हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाचे क्षेत्र म्हणून भारतभरच्या जैनांना परिचित आहे. मूर्ती भूमीला स्पर्श न करता अधांतरी विराजमान आहे ही तेथील श्रद्धा. दिगंबर व श्वेतांबर ह्या दोन पंथांमधील तेथील पूजाधिकाराचा मामला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. पुढे १९८१ च्या सुमारास मंदिराला कुलूप लागले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ मधील आदेशानंतर ते उघडले. मधल्या चार दशकांत एक संपूर्ण पिढी मोठी झाली. ज्या स्थळाचे दार इतकी वर्षे बंद राहू शकते, त्याचे एक विश्वसनीय, त्रिमिती, चालून पाहता येणारे दप्तर असावे असे मला मनापासून वाटते. आणि जो वृद्ध यात्रेकरू वाशीमपर्यंतही येऊ शकत नाही, त्याला आपल्या घरच्या ओसरीवर बसून तेथील मंडप पाहता यावा ह्यात कोणाचीही हानी नाही. गाभाऱ्यातील मूर्ती चित्रित करावी की नाही हा प्रश्न सर्वस्वी त्या पंथांचा व न्यायासनाचा आहे, त्यात तंत्रज्ञाने दखल देऊ नये. म्हणून ह्या पुस्तकातील अभ्यासपाठ गावाबाहेरच्या पवळी मंदिराच्या धर्तीवरील एका पाषाणमंडपाभोवती रचले आहेत.

पाषाणमंडप हा ह्या माध्यमाला अतिशय अनुकूल विषय आहे. शिळा हलत नाहीत, म्हणून त्यांच्यावर पडणारा उजेड व त्यांच्या सावल्या आधीच मोठ्या संगणकावर हिशेब करून पृष्ठभागाच्या चित्रात कायमच्या मुरवून ठेवता येतात. ज्या गणिताला कार्यशाळेत सारी रात्र लागली ते मोबाइलला जवळजवळ फुकट मिळते. समईची थरथरणारी ज्योत ही एकच जिवंत गोष्ट. आणि तिच्यासाठीसुद्धा खराखुरा दिवा लावण्याची गरज नसते. समई तेवत असताना आणि नसताना अशी दोन उजेडचित्रे मुरवून त्यांचे मिश्रण किंचित कमीजास्त करीत राहिले की साऱ्या स्तंभांवर प्रकाश लहरू लागतो.

कोरीव काम मात्र कसोटी पाहते. छायाचित्रे जोडून बनविलेल्या प्रतिकृतीत लक्षावधी, क्वचित कोट्यवधी त्रिकोण असतात, आणि गिअर व्हीआरच्या पिढीसाठी ऑक्युलसने घालून दिलेली मर्यादा एका चित्रामागे पन्नास हजार ते एक लाख त्रिकोणांची व पन्नास ते शंभर ड्रॉ कॉलची, म्हणजे चित्र रंगविणाऱ्या भागाला दिल्या जाणाऱ्या आज्ञांची, होती. आजची यंत्रे ह्याहून पुष्कळ सोसतात, परंतु खिशातल्या साध्या फोनासाठी आणि आमच्या उन्हाळ्यासाठी मी हीच मर्यादा प्रमाण मानतो. रूढ उपाय असा की त्रिकोण कमी करून नक्षीचा उंचसखलपणा एका रंगपटात नोंदवावा आणि उजेडाच्या फसवणुकीने तो भासवावा. सपाट पडद्यावर ही फसवणूक खपते. दोन डोळ्यांनी पाहणारा मनुष्य मात्र हातभर अंतरावरच्या द्वारशाखेत खरी खोली नाही हे तत्काळ ओळखतो, आणि देवालयाची शिळा त्याला भिंतीवर चिकटविलेल्या कागदासारखी दिसू लागते. ह्यास्तव त्रिकोणांची तरतूद सर्वत्र सारखी वाटू नये. जेथे माणूस जवळ जाईल तेथील चौकट, स्तंभांचा मनुष्याच्या उंचीचा भाग, उंबरठा ह्यांना त्रिकोण मुक्तहस्ते द्यावे, आणि छताच्या झुंबराला केवळ भास पुरे करावा. ही निवड यंत्र करू शकत नाही. ती करण्यासाठी तंत्रज्ञाने देवळात जाऊन लोक कोठे थबकतात, कोठे हात लावतात हे पाहिले पाहिजे.

अंतरिक्षाच्या श्रद्धेवरून सुचलेला एक सूक्ष्म प्रश्न येथे मांडतो, कारण तो ह्या शास्त्राची मर्यादा स्पष्ट करतो. एखाद्या पाषाणाच्या तळाशी दोन मिलिमीटरांची फट आहे आणि पाहणारा तीन मीटरांवर उभा आहे असे समजा. ती फट डोळ्याशी एका अंशाच्या सुमारे ०.०३८ एवढा कोन करते. ज्या संचात एका अंशात वीस पिक्सेल मावतात त्यात ही फट एका पिक्सेलाचा पाऊण भाग व्यापील; परिणामी डोके किंचित हलताच ती कधी दिसेल, कधी नाहीशी होईल, आणि लखलखत राहील. माणसाच्या निरोगी डोळ्याला ती स्थिर दिसते, कारण त्याची शक्ती ह्याच्या तिप्पट असते. कडांच्या भोवती एकाच पिक्सेलाचे अनेक नमुने घेऊन त्यांची सरासरी काढणे हा ह्यावरचा उपाय, आणि सुदैवाने मोबाइलच्या चिपवर तो तुलनेने स्वस्त पडतो.

तो स्वस्त का पडतो ह्याच्या उत्तरात सर्वांत महत्त्वाचे रहस्य आहे. मोबाइलमध्ये गणित करण्यापेक्षा स्मृतीकडे ये-जा करणे अधिक खर्चिक असते. म्हणून तेथील चित्रकार-भाग सारा पट एकदम न रंगविता त्याचे छोटे चौकोन पाडतो, एकेक चौकोन चिपमधल्याच लहानशा जागेत पुरा करतो आणि पुरा झाल्यावरच बाहेरच्या स्मृतीत दाखल करतो. जास्तीचे नमुने त्या छोट्या जागेतच जन्मतात व तेथेच सरासरीत विलीन होतात. ह्याच्या उलट, चित्र पूर्ण झाल्यावर त्याच्यावर चकाकीचा किंवा धूसरतेचा हात फिरविण्याची हौस केली, तर सारा पट बाहेर लिहावा लागतो, पुन्हा आत वाचावा लागतो, आणि पुन्हा लिहावा लागतो. क्वेस्ट २ च्या पडद्यात डोळ्यागणिक १८३२ गुणिले १९२० पिक्सेल आहेत. दोन डोळे आणि सेकंदाला ७२ चित्रे धरली तर पन्नास कोटींहून अधिक पिक्सेल होतात, आणि पिक्सेलाला चार बाइट ह्या हिशेबाने नुसते एकदा लिहिण्याचा खर्च सेकंदाला दोन गिगाबाइटांवर जातो. अशी एक हौस म्हणजे चार गिगाबाइटांची जादा ये-जा. माझ्या अनुभवात तरुण प्रोग्रामरच्या हातून सर्वाधिक उष्णता ह्याच वाटेने निर्माण होते, आणि बंद केल्यावर कोणाला ती चकाकी आठवतही नाही.

इतके करूनही वैशाखात फोन तापणारच. तेव्हा माघार कशी घ्यावी ह्याचा क्रम आधी ठरलेला असावा. अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीपासून फोन आपल्या तापाची स्थिती प्रोग्रामला सात पायऱ्यांत कळवितो. शेवटच्या पायरीवर फोन स्वतः बंद पडतो. पहिली हलकी सूचना येताच दृष्टीच्या कडेचा भाग जाडाभरडा रंगवावा. भिंगाच्या कडेला तसेही स्पष्ट दिसत नाही, आणि २०१८ च्या ऑक्युलस गोपासून ही युक्ती रूढ आहे. पुढच्या सूचनेला संपूर्ण चित्राचा आकार लहान करावा, त्याहून पुढे लांबच्या वस्तू वगळाव्यात, आणि शेवटी चित्रांची गती एका ठरीव आकड्यावरून दुसऱ्या ठरीव आकड्यावर आणावी. गती ७२ वरून ६० वर आली हे पाहणारा दोन मिनिटांत विसरतो. ती ७२ आणि ५५ ह्यांच्यामध्ये हेलकावे खाऊ लागली तर त्याचे पोट ते विसरत नाही. फोन थोडा निवताच लगेच पूर्वस्थितीवर जाण्याचा मोहही आवरावा, नाही तर दर मिनिटाला चढउतार सुरू होतो. चित्र वेळेवर तयार न झाल्यास जुनेच चित्र मानेच्या नव्या कोनानुसार सरकवून दाखविण्याची जी सोय यंत्रणेत असते ती मान वळविणे झाकते, परंतु पाऊल पुढे टाकणे झाकू शकत नाही. ती संकटकाळची तगाई आहे, नित्याचे उत्पन्न नव्हे.

यात्रेत किंवा शाळेत हे यंत्र मांडणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. तेथे एकाने उतरविलेला संच दुसरा लगेच चढवितो, त्यामुळे फोनाला निवण्यास अवसर मिळत नाही. कार्यशाळेत पाच मिनिटे निर्दोष चाललेले दृश्य रांगेतल्या सातव्या माणसाला अडखळते. दोन संच आळीपाळीने वापरावेत. चालू असताना चार्जिंगला लावू नये, कारण चार्जिंगची उष्णता वेगळी भर घालते, आणि लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांपलीकडे चार्ज करणे तिच्या प्रकृतीला घातक असते. विदर्भातला वाळ्याचा कूलर खोलीची हवा खाली आणतो, त्याच्या झोतापासून थोड्या अंतरावर, दमट फवारा पोचणार नाही अशा जागी मेज मांडावे. तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवण्याची काहींना खोड असते. आत दव धरून तो कायमचा निकामी होऊ शकतो. आणि संच भिंगे वर करून उन्हात कधीही ठेवू नये, कारण ज्या भिंगांनी पडदा मोठा दिसतो तीच सूर्याला पडद्यावर एका बिंदूत आणून तो जाळतात.

पुस्तकातील कोष्टकांविषयी अखेरचा खुलासा. चित्रांची गती, चिपचा वेग आणि पृष्ठभागाचा ताप ह्यांच्या नोंदी पहिल्या, दहाव्या, विसाव्या आणि तिसाव्या मिनिटाला घेण्याची पद्धत येथे ठेवली आहे, आणि प्रत्येक कोष्टकाच्या पहिल्या रकान्यात खोलीचे तापमान लिहिण्याचा नियम केला आहे. त्या आकड्याशिवाय इतर आकड्यांची तुलना करता येत नाही. वाचकांनी स्वतःच्या फोनावर नोंदी घेताना तो रकाना प्रथम भरावा, आणि निदान एक संपूर्ण पाळी मे महिन्यात दुपारी दोन ते चार ह्या वेळात, कूलर बंद ठेवून घ्यावी.